जुना लॅपटॉप घरचा मीडिया सर्व्हर म्हणून चालेल का? (मिनीडीव्ही कॅसेट, जेलीफिन, आणि बघणारे तीन गावांत)

कुडाळचो_झील

नमस्कार मंडळी. बाबांचा कुडाळात लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता, आता बंद केलाय, पण माळ्यावर ट्रंका भरून कॅसेट पडल्यात, निम्म्या व्हीएचएस निम्म्या मिनीडीव्ही. गिऱ्हाइकांची लग्नं ज्याची त्याला कधीच दिली, ह्या सगळ्या घरच्या, आणि त्यात बाबांना दशावताराचा भारी नाद, त्यामुळे आजूबाजूच्या जत्रांमधले रात्रभर चाललेले खेळ त्यांनी हौसेने शूट करून ठेवलेत. मिनीडीव्हीवाल्या मी जुन्या कॅमेऱ्यातून फायरवायरने कॉम्प्युटरवर ओढून घेतल्या, तासाला साधारण 13 जीबी होतात, सगळं 5 टीबीच्या यूएसबी डिस्कवर आहे.

आता हे घरच्या टीव्हीवर आईबाबांना, डोंबिवलीला दादाकडे आणि मेलबर्नला ताईकडे दिसलं पाहिजे. पाचव्या पिढीचा आय थ्री लॅपटॉप पडून होता, 8 जीबी रॅम, एसएसडी टाकलेली, त्यावर लिनक्स आणि जेलीफिन (आपल्या फाइली घरच्या टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. लायब्ररी मस्त दिसते पण एखादा खेळ लावला की पंखा बोंबलायला लागतो, सीपीयू 100 टक्के, आणि टीव्हीवर थोड्या थोड्या वेळाने ते गोल फिरत बसतं. एकच टीव्ही चालू असताना! बाहेरून तर उघडतच नाही, राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं कनेक्शन लॅपटॉपकडे वळवणं) करून बघितलं, ढिम्म हलत नाही. नेट 100 एमबीपीएस फायबर आहे.

माझा बेसिक प्रश्न असा की वर्ल्डकपची फायनल कोट्यवधी लोक एकाच वेळी मोबाईलवर बघतात तेव्हा अडकत नाही, आणि माझ्याकडे एक म्हातारा माणूस दशावतार बघतोय तर मशीन मरायला टेकतं, हे काय गणित आहे? नवीन मशीन घेऊ का सरळ क्लाउडवर टाकू? बजेट फार नाही.

ट्रान्सकोड_तात्या

मशीन घ्यायला धावू नका. लॅपटॉप बिचारा ठीक आहे, घोळ फाइलमध्ये आहे.

मिनीडीव्हीतून जे येतं ते डीव्ही फॉरमॅटमध्ये असतं, 25 एमबीपीएसचं व्हिडिओ, आणि ते फॉरमॅट टीव्हीला अजिबात कळत नाही. टीव्हीला हवं एच264 किंवा एचईव्हीसी. मग जेलीफिन काय करतं, तुम्ही प्ले दाबलं की त्याच क्षणी डीव्ही उलगडायचं, एच264 बनवायचं आणि बनेल तसं पाठवायचं, ह्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात आणि सगळा घाम त्यातच निघतो. फाइल टीव्हीला कळणारी असेल तर सर्व्हर नुसती डिस्कवरून वाचून वायरवर टाकतो, त्याला डायरेक्ट प्ले म्हणतात, ते काम दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपसुद्धा झोपेत करेल, तिघांना एकदम दिलं तरी. खेळ चालू असताना जेलीफिनच्या डॅशबोर्डवर जाऊन बघा, ट्रान्सकोड होतंय का ते दिसेल आणि का होतंय ते पण लिहिलेलं असतं. लोक हे न बघता आधी रॅम वाढवत बसतात.

तर उपाय एकच, सगळ्या फाइल एकदाच बदलून ठेवा, रात्री एफएफएमपेग हे व्हिडिओ बदलणारं सॉफ्टवेअर लावून झोपा. पण करताना दोन-तीन गोष्टी सांभाळा नाहीतर सगळं परत करायला लागेल. एक म्हणजे हे चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या अर्ध्या अर्ध्या ओळी. दशावतारातला राक्षस तलवार फिरवतो ना, तिथे पॉझ करा, हाताच्या कडेला आडव्या रेघा रेघा दिसतील. ते घालवायला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर वापरा आणि आउटपुट 50 फ्रेमचं घ्या, 25 चं नको. 25 घेतलं तर अर्धी हालचाल फेकून दिली, मग ती जुन्या टीव्हीवर असायची ती सफाई राहत नाही. आणि डीव्हीमध्ये खालची फील्ड आधी येते, हे फिल्टरला चुकीचं सांगितलं तर माणूस दोन पावलं पुढे एक पाऊल मागे करत चालताना दिसतो. ही खूण लक्षात ठेवा, एक मिनिटाचा तुकडा काढून चालणारा माणूस बघायचा, मगच पूर्ण बॅच लावायची.

दुसरं, चित्र 720 बाय 576 असलं तरी पिक्सेल चौकोनी नसतात, त्यामुळे 4:3 चा ॲस्पेक्ट नीट सांगा नाहीतर सगळे किंचित बारीक दिसतील. एक्स264 (एच264 बनवणारा एन्कोडर) मध्ये सीआरएफ, म्हणजे क्वालिटीचा आकडा, 18 ते 20, आवाज एएसी. तासाला 13 जीबीचं अंदाजे 3 जीबीच्या आत बसेल, ते फाइलवर आहे, रात्रीच्या अंधारात पेट्रोमॅक्सखाली शूट केलेलं असेल तर नॉइज जास्त म्हणून जागा पण जास्त खाईल. इथे क्विक सिंक, म्हणजे इंटेलच्या चिपमधलं एन्कोडिंग, वापरू नका, हार्डवेअर एन्कोडिंग पटपट होतं पण तेवढ्याच जागेत क्वालिटी कमी मिळते, आणि तुम्हाला घाई कुठे आहे.

मूळ डीव्ही फाइल डिलीट करायच्या नाहीत. परत एकदा सांगतो, करायच्या नाहीत.

ऐरोली_नाइटशिफ्ट

कोट्यवधी लोकांच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, डेटा सेंटरात आमचं रोजचंच आहे.

तात्यांनी जे सांगितलं तेच मोठे लोक करतात, फक्त आधीच करून ठेवतात. नेटफ्लिक्सवर सिनेमा यायच्या आधी त्याच्या वेगवेगळ्या साइजच्या, वेगवेगळ्या बिटरेटच्या कॉप्या बनवून तयार असतात, तुमचं नेट ढिलं पडलं की ॲप गुपचूप हलक्या कॉपीवर जातं. तुम्ही प्ले दाबल्यावर तिथे कोणी काही शिजवत नाही, वाढलेलं ताट असतं. आणि ते ताटसुद्धा अमेरिकेतून येत नाही. लॉगिन, रेकमेंडेशन, बिलिंग हे सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर, पण खरा व्हिडिओ येतो तो त्यांच्या ओपन कनेक्ट नावाच्या डब्यांमधून. हे डबे ते इंटरनेट कंपन्यांना फुकट देतात, त्यांच्याच जागेत बसवतात, आणि रात्री ट्रॅफिक कमी असताना उद्या काय बघितलं जाईल त्या अंदाजाने त्यात फाइली भरून ठेवतात. 2011 पासून चालू आहे हे. म्हणजे तुम्ही बघताय तो सिनेमा बहुतेक वेळा तुमच्याच इंटरनेटवाल्याच्या रॅकमधून येतोय.

लाइव्ह मॅचचं अजून वेगळं. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक साधी फाइल. आता गंमत अशी की मॅच बघणाऱ्या सगळ्यांना त्या क्षणी तोच तुकडा हवा असतो, त्यामुळे तो सीडीएनच्या (जागोजागी कॉप्या ठेवणारे सर्व्हर) जवळच्या सर्व्हरवर एकदा आला की तिथून लाखोंना वाटता येतो, मूळ सर्व्हरला पत्ता पण नाही. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादच्या फायनलला हॉटस्टारवर एका वेळी 5.9 कोटी लोक होते, ते असं निभावलं. म्हणून व्हिडिओ हा तसा सोपा भाग आहे. अवघड भाग लोक बॅक बटण दाबतात तो. 2019 च्या सेमी फायनलला धोनी रनआउट झाला आठवतंय, त्या मॅचला 2.53 कोटी होते, आणि असं काही झालं की निम्मी जनता वैतागून एकदम बॅक दाबते आणि होम पेजवर येते. होम पेज प्रत्येकाचं वेगळं, ते कॅशमधून, म्हणजे आधी ठेवलेल्या कॉपीतून, सगळ्यांना सारखं देता येत नाही. म्हणजे व्हिडिओ बघणारे कमी होतायत आणि तरी सर्व्हरवरचा लोड उसळलेला. लोड वाढला की मशीन आपोआप वाढवणारी जी सिस्टम असते ती अशा वेळी पुरी पडत नाही कारण नवीन मशीन उठून कामाला लागेपर्यंत ओव्हर संपलेली असते, म्हणून मॅचच्या आधीच मशीन उभी करून ठेवतात.

ऐरोली, रबाळे, महापे ह्या पट्ट्यात डेटा सेंटर एवढी का आलीत तर समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, वीज बऱ्यापैकी भरवशाची आहे आणि एमआयडीसीच्या जुन्या कारखान्यांच्या जागा होत्या. बाहेरून बघाल तर खिडक्या नसलेली बिल्डिंग, आत गेलं की एका बाजूला गार वारा मारलेला बोळ आणि रॅकच्या मागच्या बोळात गेलं की चष्म्यावर वाफ यावी अशी गरम हवा. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, एक ए फीडवर एक बी फीडवर, दोन्ही वेगळ्या यूपीएसवरून. वीज गेली की बॅटरीवर काही मिनिटं, तेवढ्यात डिझेल जनरेटर उठतो. मोठ्या मॅचच्या दिवशी चेंज फ्रीझ, म्हणजे कोणी कशाला हात लावायचा नाही. कुणी केबल सरळ करायला जरी गेला तरी आमचा सुपरवायझर ओरडतो.

क्लाउडवर टाकायचा विचार असेल तर स्टोरेजचा भाडेखर्च बघून घाबरू नका, तो दिसतो. आउटगोइंग डेटाचा चार्ज बघा, तो बिल आल्यावर दिसतो.

पुणेरी_पोर्ट

पोर्ट फॉरवर्ड का चालत नाही ते सांगतो, हा प्रश्न इथे महिन्यातून एकदा तरी येतो आणि लोक सर्च करत नाहीत, असो.

राऊटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी, म्हणजे राऊटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा. तो 100.64 पासून 100.127 पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपीच नाही, इंटरनेटवाल्याने एक पत्ता शेकडो घरांत वाटलाय. तुम्ही तुमच्या राऊटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून आलेला माणूस आधी त्यांच्या गेटवर अडतो. स्टॅटिक आयपी मागितला तर काही जण जास्तीचे पैसे घेऊन देतात, पण तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

टेलस्केल टाका, लांबलांबची मशीन एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं ॲप. लॅपटॉपवर, दादाच्या आणि ताईच्या अँड्रॉइड टीव्हीवर, घरगुती वापराला फुकट आहे. आतून वायरगार्ड नावाचं व्हीपीएन चालतं, दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला कनेक्शन करतात त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. मग टीव्हीवरच्या जेलीफिन ॲपमध्ये टेलस्केलचा आयपी आणि पुढे 8096 टाकायचं, झालं. जेलीफिन उघडं इंटरनेटवर ठेवायचीच गरज नाही, ते सगळ्यात बरं. एलजी सॅमसंगच्या टीव्हीवर टेलस्केलचं ॲप नसतं, तिथे अँड्रॉइड टीव्हीवाली काडी लावावी लागेल.

आता पकडायची गोष्ट, कधी कधी दोन टोकांचं थेट जुळत नाही आणि सगळा डेटा त्यांच्या रिले सर्व्हरवरून फिरून जातो, तेव्हा स्पीड एकदम पडतो आणि लोक जेलीफिनला शिव्या देतात. टेलस्केल पिंग मारून बघा, उत्तरात डीईआरपी दिसलं तर रिलेवरून चाललंय. राऊटरमध्ये आयपीव्ही6 चालू करा, दोन्हीकडे असेल तर बहुतेक वेळा थेट जुळतं.

क्लाउडफ्लेअर टनेल (त्यांच्या सर्व्हरमधून घरच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता) सुचवणारा कोणीतरी येईलच खाली, त्याला आधीच सांगतो, त्यांच्या फुकट सीडीएनवरून असा व्हिडिओ ढकलणं अटीत बसत नाही.

एन100_भक्त

सगळं बरोबर आहे पण मी तरी इंटेलच्या एन100 चा मिनी पीसी घ्या म्हणेन. 6 वॉटचा प्रोसेसर, एचईव्हीसी 10 बिट हार्डवेअरमध्ये, तळहाताएवढा डबा. जेलीफिनसारख्याच प्लेक्सची भानगड नको, 2025 च्या एप्रिलपासून घराबाहेर बघायला त्यांनी पैसे लावलेत, जेलीफिन आहे तेच ठेवा. रास्पबेरी पायच्या मागे कोणी लावलं तर लागू नका, पाय 5 मध्ये एच264 चं हार्डवेअर एन्कोडिंग डिकोडिंग दोन्ही काढून टाकलंय.

ट्रान्सकोड_तात्या

अहो भक्त, फाइली एकदा एच264 झाल्या की ट्रान्सकोड होणारच नाही, मग एन100 तिथे बसून काय माश्या मारणार का? गरज एकाच ठिकाणी पडेल, आयफोनवर शूट केलेले नवीन व्हिडिओ. ते बाय डीफॉल्ट एचईव्हीसीत असतात आणि आयफोन 12 पासून एचडीआर, म्हणजे 10 बिट. पाचव्या पिढीचा आय थ्री तिथे खरंच गुडघे टेकेल. तेवढ्यासाठी ताईला सांगा फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये मोस्ट कम्पॅटिबल करून एचडीआर बंद कर. घ्यायचाच झाला तर लॅमिंग्टन रोडला ऑफिसातून निघालेले छोटे पीसी मिळतात, आठव्या पिढीचा आय फाइव्ह, मागे टी लिहिलेला 35 वॉटवाला, घासाघीस करून घ्या.

विजेचं पण बघा. 10 वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला 7.2 युनिट, काही नाही. तेच कुणी जुना 80 वॉट ओढणारा डेस्कटॉप लावला तर 58 युनिटच्या आसपास, आणि बिल 100 किंवा 300 युनिटचा टप्पा ओलांडत असेल तर वरचे युनिट महाग दराने लागतात, महावितरण काही सोडत नाही.

कुडाळचो_झील

बापरे, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. एका खेळाचा तुकडा तात्यांनी सांगितल्याप्रमाणे करून बघितला, टीव्हीवर आता डायरेक्ट प्ले दाखवतंय आणि सीपीयू जागचा हलत नाही. बाबा म्हणाले हे तेव्हाच्या टीव्हीपेक्षा चांगलं दिसतंय. वॅन आयपी 100.78 ने सुरू होतोय, म्हणजे सीजीनॅटच.

आता पुढचे प्रश्न. खेळातली पदं ताईच्या नवऱ्याला कळत नाहीत, तो तिथलाच आहे, म्हणून इंग्रजी सबटायटल करतोय आणि बाबांसाठी मराठी. मराठीची टीव्हीवर चौकोनं चौकोनं दिसतात. दुसरं, आमच्याकडे पावसात लाइट जाते ती कधी कधी रात्रभर येत नाही, लॅपटॉपला बॅटरी आहे पण राऊटरचं काय. आणि व्हीएचएस अजून हात लावलेला नाही, घरात व्हीसीआर आहे, लावू का?

कॅसेटवाली_रत्नागिरी

थांबा! लावू नका. आधी कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून टेपच्या गुंडाळीची कड बघा. काळी कुळकुळीत सपाट दिसली तर ठीक. पांढरट पिठासारखे ठिपके किंवा गोल कडी दिसली तर ती बुरशी आहे, कोकणात माळ्यावर ठेवलेल्या दहातल्या बऱ्याच कॅसेटना लागलेली असतेच. ती तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी हेडवर बसते, चित्र जातं, आणि मग पुढची धडधाकट कॅसेट लावली की तिलाही प्रसाद. टेप तुटू पण शकते. बुरशीवाल्या वेगळ्या काढा, प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, आणि त्या साफ करून देणाऱ्याकडेच द्या. आईबाबांचं लग्न असलं काही असेल तर ते घरच्या व्हीसीआरवर अजिबात ट्राय करायचं नाही.

चांगल्या निघाल्या त्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, वर्षानुवर्षं एका जागी पडून थर चिकटलेले असतात. आणि पावसाळा संपल्यावर करा हो, घाई काय आहे.

पुणेरी_पोर्ट

सबटायटल: फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह केली आहे ना ते बघा. तरी चौकोनं येत असतील तर टीव्हीच्या ॲपकडे देवनागरी फॉन्ट नाही. दुसऱ्या प्लेअरवर बघा. चित्रातच जाळून द्यायचा पर्याय जेलीफिनमध्ये आहे, त्यासाठी सर्व्हरवर नोटो सान्स देवनागरी टाका, पण मग ट्रान्सकोडिंग परत आलं, मराठी सबटायटल बघणारा एकच टीव्ही असेल तर तेवढं 576 ओळींचं तो आय थ्री ओढेल. त्यापेक्षा बाबांना मराठी सबटायटल कशाला, पदं पाठच असतील त्यांना.

लाइट: राऊटरसाठी 12 व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, फायबरचा डबा वेगळा असेल तर त्याला पण लावा. लॅपटॉप कायम चार्जरला असेल तर बॅटरी फुगते, बायोसमध्ये 60 किंवा 80 टक्क्यांवर चार्ज थांबवायची सोय आहे का बघा. झाकण बंद केल्यावर झोपू नये म्हणून लिनक्समधल्या लॉगइनडीच्या सेटिंगमध्ये लिड स्विच इग्नोर करा. आणि टीव्हीला लॅन वायर लावून फार खुश होऊ नका, पुष्कळ टीव्हीला लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचाच असतो. तुमच्या फाइलींना तेवढा ढीगभर आहे, पण पुढे कधी 4के ब्लूरे लावाल तेव्हा अडेल, तिथे उलट 5 गिगाहर्ट्झ वायफाय बरं पडतं.

मेलबर्नवासी_पण_मालवणचा

ताईच्या बाजूने लिहितो कारण मी तेच भोगतोय. आमची संध्याकाळ म्हणजे तुमची दुपार, इथे सातला टीव्ही लावला की तिकडे अडीच वाजलेले असतात, उन्हाळ्यात घड्याळं पुढे गेली की दीड. नेमकी त्या वेळी गावाला लाइट गेलेली असते, राऊटरचा यूपीएस संपलेला असतो, आणि वडिलांना फोन करून बटण दाबायला सांगायचं म्हणजे अर्धा तास.

त्यामुळे मी म्हणतो ऐरोलीवाल्या भाऊंनी नेटफ्लिक्सच्या डब्यांचं जे सांगितलं तेच करा. ताईकडेच एक कॉपी ठेवा. कन्व्हर्ट झालेल्या फाइली सगळ्या मिळून एका साध्या पोर्टेबल डिस्कवर बसतील, तिच्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन टाकून द्या, ती घरातल्या घरात बघेल, कुडाळला लाइट असो नसो. शिवाय एक कॉपी दुसऱ्या खंडात राहिली म्हणजे बॅकअपचा पण प्रश्न मिटला. एकाच घरात दोन डिस्क ठेवून रेड, म्हणजे दोन्हींवर तेच, करणारे भेटतील, पण घरात पाणी शिरलं किंवा वीज पडली तर दोन्ही एकदमच जातात. ताई गणपतीला येते का?

कुडाळचो_झील

येते येते, यंदा तिकीट काढलंय तिने. पण नंतर मी नवीन कॅसेट कन्व्हर्ट केल्या की तिच्या डिस्कवर कशा जाणार? दर वेळी टेलस्केलवरून कॉपी मारत बसू का?

मेलबर्नवासी_पण_मालवणचा

सिंकथिंग, दोन मशीनवरचे फोल्डर सारखे ठेवणारं सॉफ्टवेअर. गणपतीत डिस्क समोरासमोर भरून द्या, मग इथे आल्यावर सिंकथिंगमध्ये तोच फोल्डर जोडायचा, ते दोन्हीकडच्या फाइली तपासतं आणि ज्या आधीच आहेत त्या परत पाठवत नाही, फक्त नवीन तेवढ्या रात्री सावकाश जातात. तुमच्याकडे फोल्डर सेंड ओन्ली करा, तिच्याकडे रिसीव्ह ओन्ली, म्हणजे तिच्या पोरांनी तिथे काही उडवलं तरी तुमच्याकडे उडणार नाही. मात्र तुम्ही कुडाळात काही उडवलंत तर तिच्याकडचंही उडतं, म्हणून तिच्या बाजूला फाइल व्हर्जनिंग चालू करायचं, उडवलेली फाइल मग वेगळ्या फोल्डरमध्ये पडून राहते.

ट्रान्सकोड_तात्या

आणि मूळ डीव्ही फाइली त्या फोल्डरमध्ये टाकू नका, नाहीतर 13 जीबीचा एकेक तास समुद्राखालून ढकलत बसाल. त्यांची दुसरी डिस्क भरून दादाकडे डोंबिवलीला कपाटात ठेवा, वर्षातून एकदा लावून बघायची चालते का ते.